मायन्यापासून सीसीपर्यंत

मराठी पत्राची सुरुवात मायन्याने होई. ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहिले आहे की ‘स. न. वि. वि.’, एवढ्यावरून पत्र वडीलधाऱ्यास आहे की बरोबरीच्यास, हे मजकुरावर नजर जाण्याआधीच कळे. कचेरीने हा जिव्हाळा टाकला आणि ‘महोदय’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘आपला विश्वासू’ असा सांगाडा घेतला. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामात तो मराठीतून रुळत गेला. पुढची तीसेक वर्षे आवक-जावक नोंदवहीत गेली. त्यांत रेंगाळण्यासारखे फारसे नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले केले. या घटनेला ३० वर्षे होऊन गेली. त्यानंतरच्या दशकात कचेरीतली माणसे एकमेकांशी कशी बोलतात हेच पालटले. पहिल्या काळात अनेक ठिकाणी अख्ख्या कचेरीला मिळून एकच ईमेल पत्ता असे. मोडेम किरकिरून जोडणी लागली की आलेला मेल छापायचा, पंच करून फायलीत लावायचा, त्यावर साहेबांचा शेरा घ्यायचा आणि मग उत्तर टंकायचे. आज याची थट्टा होते. पण उत्तर बाहेर पडेपर्यंत ते तीन माणसांच्या हातांखालून जाई. साहेबांनी सकाळी रागाने सांगितलेला मजकूर लघुलेखक सहीसाठी दुपारी आणी, तोवर राग निवलेला असे. मुरलेला लघुलेखक तर एखादा बोचरा शब्द आपणहून गाळी. कचेरीतले संबंध टिकवण्याचे त्याचे हे काम कोणत्याच नेमणूकपत्रात लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्याचे पद गेले तेव्हा ते हिशेबात धरले गेले नाही.

टेबलागणिक संगणक आला आणि ही मधली दुपार संपली. मराठीचीही पंचाईत झाली. त्या काळी मराठी फॉन्ट एकमेकांशी जुळत नसत. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पत्राच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसे. युनिकोड हाताशी येईपर्यंत खासगी कचेऱ्यांचा मेल इंग्रजीत स्थिरावला होता. ‘जोशीसाहेब’ म्हणणारी माणसे ‘डिअर सर’वर आली आणि नंतर नुसत्या ‘हाय’वर. ‘प्लीज डू द नीडफुल’ या वाक्याला हसणे सोपे आहे; विनंती आहे की हुकूम, हे त्यातून कळत नाही, ही खरी अडचण.

याच दशकात सीसी हत्यार झाली. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टंकयंत्रावर चार-पाच प्रतींपलीकडे अक्षर पुसट होई, म्हणून ‘प्रत माहितीसाठी’ कोणाला जावी याचा विचार करावा लागे. मेलमध्ये एका नावाच्या जागी वीस नावे घालायला कष्ट पडत नाहीत. शेजारच्या टेबलावर उठून जायचे सोडून त्याच माणसाला मेल करायचा आणि साहेबांना सीसीत ठेवायचे, ही चहाडी कामकाजाची पद्धत म्हणून मान्य झाली. संवादकौशल्याच्या कार्यशाळांनी ‘थोडक्यात लिहा’ एवढे शिकवले. सीसीत कोण नसावे, हे क्वचितच शिकवले.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा देत असे, जीमेलने १ जीबी दिली. तोवर जागा पुरत नाही म्हणून जुने मेल पुसावे लागत आणि त्यांबरोबर जुनी भांडणेही पुसली जात. जागेची टंचाई सरली, शोधण्याची सोय झाली, आणि तीन वर्षांपूर्वीचे वाक्य पुरावा म्हणून पुन्हा समोर येऊ लागले. ‘अ‍ॅज पर माय लास्ट मेल’ हे त्याच सवयीचे सभ्य रूप.

त्यानंतरचा काळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. तिथे विषयाची ओळ नाही आणि रात्री अकराचेही बंधन नाही. अलीकडे मेलचा मसुदा यंत्र करून देते. प्रत्येक पत्र सारखेच नम्र असते आणि त्या नम्रतेत लिहिणारा सापडत नाही. लघुलेखकाच्या दुपारीऐवजी आता जीमेलमधली ‘अन्डू सेंड’ची सोय आहे. तिची मुदत जास्तीत जास्त ३० सेकंद.