बांधावर आलेले तज्ज्ञ

पुणे वर्तुळाकार रस्त्याची संयुक्त मोजणी भाताच्या खाचरात उतरते, तेव्हा बांधावर किती खाती एकदम उभी राहतात हे भरे गावात नीट बघायला मिळालं. रस्त्याची रुंदी एकशे दहा मीटर. मावळ, मुळशी, हवेली आणि भोर या तालुक्यांतून जाणाऱ्या पश्चिम भागात घोटावडे, भरे, कासार आंबोली, उरवडे अशी गावं ओळीने येतात. शिवारात माणसं मात्र एकापाठोपाठ एक येतात, आणि प्रत्येक जण त्याच जमिनीत वेगळं काहीतरी बघतो.

भूकरमापकाच्या हातात गटाचा नकाशा आणि टिपण. त्याच्या जोडीदाराने काठीवर चढवलेला उपग्रह-मोजणीचा रोव्हर बांधाच्या कोपऱ्यावर धरला, काठीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखल्यासारखा उभा राहिला आणि टॅबवर बिंदू उमटल्यावरच हलला. या माणसाचं शिक्षण हद्दीचं. नकाशातली रेघ आणि वहिवाटीचा बांध यांत तीन पावलांचं अंतर निघालं, तेव्हा त्याने दोन्ही लिहून घेतले. शेजारचे दोघे भाऊबंद आवाज चढवू लागले, तरी त्याचा स्वर बदलला नाही. “तुमचं म्हणणं जबाबात येईल, काका,” एवढंच म्हणाला.

मग झाडं. आंबा कृषी खात्याच्या वहीत गेला, त्याच बांधावरचा साग वन खात्याच्या. कृषी सहायकाने आंब्याच्या बुंध्यावर हात फिरवला, फांद्यांचा पसारा बघितला, वय विचारलं, मालकाने सांगितलेल्या वयावर किंचित मान हलवली आणि आपला आकडा लिहिला. घर आणि गोठा बांधकाम खात्याचे. विहिरीचा व्यास, खोली आणि बांधणी मोजली गेली, पाइपलाइनची लांबी धरली गेली. ती विहीर कुठल्या थरातून भरते याला तक्त्यात रकानाच नव्हता.

माझं लक्ष या रकान्यापाशी अडलं. मुळशीची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. टेकडीच्या उतारावर रस्त्यासाठी खोल खोदाई झाली, तर हा थर मध्येच कापला जातो, पाणी त्या कापातून निथळून जातं आणि खालच्या अंगाची विहीर माघ-फाल्गुनातच तळ दाखवू शकते. ती विहीर एकशे दहा मीटरच्या पट्ट्याबाहेर असली, तर मोजणीत ती येतच नाही. हे ओळखण्याचं काम भूजलशास्त्रज्ञाचं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, तिचं मुख्यालय पुण्यातच. म्हणजे जाणकार लांब नाहीत. पण विहिरीची किंमत ठरवायला बोलावणं वेगळं आणि रस्ता आखण्याआधी विचारणं वेगळं.

दुसरी अडचण ओढ्याची. नकाशावर तो बारीक निळी रेघ, उन्हाळ्यात जागेवर नुसते गोटे. खाचराच्या मालकीणबाई सल्लागार कंपनीच्या तरुण इंजिनिअरला म्हणाल्या, “साहेब, श्रावणात या. पाणी ह्या रेघेतून जात नाही, त्या वरच्या खाचरातनं पलटी घेतं.” तो मुलगा उर्मट नव्हता. “काकू, दाखवा,” म्हणून त्यांच्यामागून वरच्या बांधापर्यंत गेला, फुटलेल्या ताली बघितल्या, फोटो काढले. परत आल्यावर रस्त्याखालच्या मोरीचा आकार कसा काढतात ते त्याने मला समजावलं.

घाटालगतच्या पाणलोटांसाठी आपल्याकडे इंग्लिसचं सूत्र वापरतात. पाणलोटाचं क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचं, त्याला १२४ ने गुणायचं आणि क्षेत्रात १०.४ मिळवून आलेल्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. एक चौरस किलोमीटरला सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर पाणी येतं. सर क्लॉड इंग्लिस मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातले इंजिनिअर. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे हे सूत्र इथल्याच डोंगरपावसावर घडलेलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ते फक्त क्षेत्रफळ विचारतं. वरच्या उतारावर प्लॉट पडले, टेकडी छाटली, अंगणात काँक्रीट आलं, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात वळलं, हे त्याला कळायचा मार्ग नाही. काकूंना ते ठाऊक आहे. इंजिनिअरला ऐकल्यावर ठाऊक झालं. अहवालात ते जाईल का, हे त्या अहवालावर सही करणारा माणूस काय शिकला आहे यावर ठरतं.

तज्ज्ञ कुणाला म्हणायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेचं सहावं परिशिष्ट प्रकल्प तपासणाऱ्या समितीबद्दल आहे. संबंधित क्षेत्रात पंधरा वर्षांचा अनुभव, किंवा पीएचडीसारखी वरची पदवी आणि दहा वर्षं. वय सत्तरच्या आत, माणूस मिळेना तर पंचाहत्तरपर्यंत. पर्यावरणाची गुणवत्ता, प्रकल्प व्यवस्थापन, जोखीम, जीवशास्त्र, वन आणि वन्यजीव, पर्यावरणीय अर्थशास्त्र अशी क्षेत्रंही नेमून दिली आहेत. २०१३ चा भूसंपादन कायदा आणखी पुढे गेला. त्याच्या सातव्या कलमात सामाजिक आघाताचा अहवाल तपासणाऱ्या गटात दोन बिनसरकारी समाजशास्त्रज्ञ, ग्रामसभा, पंचायत किंवा पालिकेचे दोन प्रतिनिधी, पुनर्वसनातले दोन जाणकार आणि तांत्रिक तज्ज्ञ एकच. सातांत इंजिनिअर एक! मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून आपल्या महामार्ग अधिनियमाखालचं संपादन या तरतुदीतून बाहेर काढलं. मोबदल्याचं संरक्षण राहिलं, हा गट गेला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंजिनिअरांविषयी माझी तक्रार नाही. पुणं त्यांच्याच जिवावर पाणी पितं. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते १९०३ मध्ये. पण त्यानंतर दहाएक वर्षांनी मुंबई इलाख्यात दुसऱ्याच पठडीतला सल्लागार फिरत होता. पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१५ मध्ये त्यांनी इलाख्यातल्या सहा शहरांच्या पुनर्रचनेवर अहवाल लिहिला. आखणीआधी गाव पायी फिरून बघायचं, असलेलं शक्य तेवढं राखून सुधारायचं, हा त्यांचा आग्रह. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांच्याच हाताखाली सुरू झाला. झाडाची मुळं बघायची सवय असलेला माणूस गल्लीकडेही तसाच बघतो.

मुळशीला हा विषय पुस्तकी नाही. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी इथे धरण बांधलं, पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहाकडे गेलं आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. शहरासाठी गावाने काय द्यायचं हा प्रश्न या तालुक्यात शंभर वर्षं जुना आहे, आणि तेव्हाही मोजणारे बाहेरून आले होते.

आता एक साधी मागणी. पर्यावरण आघात अहवालाच्या ठरलेल्या रचनेत शेवटचं, बारावं प्रकरण सल्लागारांचं असतं. त्यांची नावं, थोडक्यात शिक्षण-अनुभव, कुणी कोणतं काम केलं, हे सगळं त्यात द्यावं लागतं. मूळ अहवाल इंग्रजीत. जनसुनावणीआधी गावाच्या हाती मराठीत पडतो तो सारांश, जास्तीत जास्त दहा पानांचा, आणि त्याच्या नेमून दिलेल्या मुद्द्यांत हे प्रकरण नाही. शिवाय पायाभूत नोंदी बहुतेक वेळा पावसाळा वगळून एका हंगामाच्या घेतल्या जातात. म्हणजे ओढ्यावर मत देणारा कोण आणि तो ओढा वाहताना त्याने पाहिला का, हे दोन्ही ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

बाराव्या प्रकरणाचा मराठी तर्जुमा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, सुनावणीच्या तीस दिवस आधी. अप्पर जिल्हाधिकाऱ्यांच्या हुद्द्याखालचा अधिकारी सुनावणीला बसत नाही आणि तिथे बोललेलं इतिवृत्तात लिहावंच लागतं. पाण्याच्या प्रकरणावर सही करणाऱ्याची पदवी वाहतूक अभियांत्रिकीची निघाली, तर ते त्या दिवशी, नावानिशी, लिहून घेता येईल.