डायलिसिस म्हणताच घाबरू नका

अतिदक्षता विभागाबाहेर रुग्णांच्या नातेवाईकांसोबत बसताना आम्ही एक वाक्य हमखास ऐकतो : “एकदा डायलिसिस लागले की जन्मभर सुटत नाही.” या भीतीपोटी कोणी सही करीत नाही, कोणी पेशंटला घरी न्यायला निघतो. ही समजूत प्रत्येकाला लागू नाही.

मधुमेह, रक्तदाबामुळे किडनी वर्षानुवर्षे झिजते, तो आजार वेगळा. गंभीर रुग्णाची किडनी मात्र काही तासांत वा दिवसांत बंद पडू शकते. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, लेप्टो, मलेरिया, जुलाब-उलट्या, मोठा रक्तस्राव किंवा सर्पदंश ही त्याची कारणे. मूळ आजार आवरला तर अशी किडनी बहुधा पुन्हा कामाला लागते. तोवर डायलिसिसचे यंत्र तिचे काम सांभाळते. १९४५ साली नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांच्या यंत्रावर वाचलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची बाई होती. तिचीही किडनी अशीच अचानक बंद पडली होती आणि ती बरी झाली.

धोका ओळखायचा कसा? रक्तातले क्रिएटिनीन ४८ तासांत ०.३ ने वाढणे ही एक खूण. दुसरी खूण लघवी. ६० किलो वजनाच्या माणसाला सलग ६ तास ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर किडनीला इजा झाली असे समजतात. परिचारिका पिशवीतली लघवी मोजून लिहिते ती याचसाठी.

डॉक्टर लगेच डायलिसिस लावत नाहीत, म्हणजे हयगय करतात असेही नव्हे. २०२० साली सुमारे ३ हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घाईने डायलिसिस लावून मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र पोटॅशियम फार वाढले, फुप्फुसात पाणी भरले, तर थांबून चालत नाही.

सगळेच रुग्ण वाचतात असे आम्ही म्हणणार नाही. काहींना पुढेही डायलिसिस लागते. पण आपल्या हाती बरेच आहे. घरी घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, झाडपाल्याची औषधे डॉक्टरांना न लपवता सांगा. लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आणि पेशंट घरी आल्यावर ३ महिन्यांनी क्रिएटिनीन पुन्हा तपासून घ्या.

सही करण्याआधी एवढेच विचारा : “डॉक्टर, ही इजा नवी की जुनी?” बाकीचे निर्णय त्या उत्तरावर ठरतील.