माशी, बाजार आणि साथीचे गणित

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, त्या आकड्यांचा एक आलेख आहे. तो आधी सावकाश, मग भराभर चढतो आणि शिखर गाठून उतरतो. १९२७ साली एडिंबऱ्याच्या केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आपले समीकरण या आकड्यांवर बसवून दाखवले. मॅकेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले. साथीचे गणित आजही इथूनच शिकवले जाते.

कल्पना साधी आहे. लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि साथीतून सुटलेले (बरे झालेले किंवा मेलेले), असे तीन वाटे करायचे. एक आजारी सरासरी कितीजणांना रोग देतो, तो आकडा एकाच्या वर असेल तर साथ भडकते, खाली असेल तर विझते.

गंमत अशी की या समीकरणात उंदीर नव्हता आणि पिसूही नव्हती. तरी रेषा जुळली! लेखकांनाही ही उणीव ठाऊक होती. रेषा जुळली म्हणजे रोग कळला, असे होत नाही. रोग आवरायचा तर मधला दुवाच लागतो.

हे मला नीट उमगले ते लम्पीच्या वेळी. ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, चिनावलला, त्या वर्षीचा राज्यातला पहिला रुग्ण नोंदला गेला. देवीच्या कुळातला हा विषाणू गाई-बैलांना धरतो, म्हशींना कमी. माणसाला होत नाही. अंगावर गाठी, ताप, आटलेले दूध. पसरवतात त्या गोठ्यातल्या चावऱ्या माशा, डास, गोचीड. पण माशी फार लांब जात नाही. लांबची उडी रोग टेम्पोतून मारतो. पनवेलजवळ पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता फुटतो. इथे राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. लागण झाल्यावर एक ते चार आठवडे जनावर धडधाकट दिसू शकते. बाजारात त्याचे दात पाहतात, रक्त कोण पाहणार?

आता थोडा हिशेब. समजा, एक आजारी गाय तिघींना रोग देते. मग शंभरातल्या ६७ गाई सुरक्षित हव्यात. लस दहातल्या सातच जनावरांना तारत असेल, तर ९६ जणींना टोचावे लागेल. एवढे कोणाला जमते? पण शेणाचा उकिरडा लांब नेला, धूर-फवारणी केली, आजारी गाय वेगळी बांधली आणि तिनाचे दोन झाले, तर ७२ पुरतात. गोठ्याची सफाई हा लसीचाच एक भाग आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

ब्रिटनमध्ये २००१च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत अशाच प्रतिमानांच्या आधारे बाधित गोठ्यांच्या शेजारचीही जनावरे मारली गेली. एकूण साठ लाखांहून अधिक गेली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे २०१५च्या कायद्याने तो रस्ताच बंद आहे. सप्टेंबर २०२२मध्ये सरकारने बाजार आणि वाहतूक रोखली, आधी बाधित गावाभोवती पाच किलोमीटरांत आणि मग सर्वत्र गोटपॉक्सची लस टोचली. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत ठरली. दूध आटून जगलेल्या गाईला मात्र त्यात जागा नव्हती. मग पहिली गाठ दिसताच शेतकरी का कळवील? लपवलेला प्रत्येक दिवस हिशेबात तिनाचे चार करतो.

माझी खरी धास्ती ऊसतोडीच्या बैलांची आहे. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातले बैल गाड्यांना जुंपून कारखान्यांकडे निघतात आणि एकेका तळावर शेकडो बैल दाटीने बांधले जातात. माशीला याहून चांगली सोय नाही. लशीची ताकद अंगात यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे कारखान्याच्या दारात टोचून उपयोग नाही. बैल गावात आहे तोवर, गणपतीतच टोचले पाहिजे.