अर्धं वाक्य आणि पूर्ण नोंद

भिंगारकर मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणानं आम्हाला विचारलं, "सर, बाबासाहेब राज्यघटना जाळायला निघाले होते, हे खरं का?" इथं नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. सभागृहाची नोंद आपण पूर्ण वाचली पाहिजे.

डॉ. आंबेडकर १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेत होते. २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, घटना जाळणारा पहिला माणूस मीच असेन, असं ते म्हणाले. हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण त्याच ओघात त्यांनी बजावलं, की अल्पसंख्याकांना दुखावण्यातच देशाची सर्वांत मोठी हानी आहे. ते मात्र कुणी सांगत नाही.

१९ मार्च १९५५ रोजी, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत, एका सदस्यानं त्यांना याची आठवण दिली. त्यांनी शब्द नाकारले नाहीत, कारण सांगितलं: देऊळ देवासाठी बांधलं, पण देव बसण्याआधीच असुरांनी ताबा घेतला तर काय करायचं?

म्हणजे राग देवळावर, की ताबा घेणाऱ्यांवर? दोन्ही भाषणं शेजारी ठेवली की उत्तर सापडतं. तेव्हा कुणी अर्धं वाक्य ऐकवलं, तर आपण एवढंच विचारू या: तारीख कोणती, आणि पुढचं वाक्य काय?