हेक्टरी सव्वा लाख

गंगापूर तालुक्यातल्या त्या रानात शिरलं की आधी तणनाशकाचा वास येतो. सोलरच्या प्लेटा नजरेत भरतात त्या नंतर. सकाळी सातला दोन बायका पाठीवर पंप घेऊन ओळीओळीतून फवारत असतात, कारण गवत वाढून प्लेटांवर सावली पडली की वीज घटते. त्यांतली थोरली याच रानात कापूस वेचायला यायची. तेव्हा वेचणीला पाच-सहाजणी लागत, खुरपणीला त्याहून जास्त. आता दोघींत भागतं. उरलेल्या कुठे जातात, असं विचारल्यावर तिनं पंप खाली न ठेवताच सांगितलं, “बसून हायेत.”

कुंपणापलीकडच्या गटाचे मालक साठीच्या घरातले. साडेसहा एकर मुरमाड जमीन सोलर कंपनीला भाड्यानं द्यावी का, हा विचार त्यांच्या घरात दिवाळीपासून चालू आहे. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ते एका आकड्यावर येऊन थांबतं: हेक्टरी सव्वा लाख.

आकडा खरा आहे. मे २०२३ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचं भाडं वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये किंवा रेडीरेकनरच्या किमतीच्या ६ टक्के, यांत जे जास्त असेल ते, असं ठरलं. त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार, साडेसहा एकरांचे सव्वातीन लाखांच्या वर. पंचविसाव्या वर्षी हेच भाडं हेक्टरी अडीच लाखांच्या पुढे जातं. बोंडअळी आणि परतीचा पाऊस सोसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम मोठी वाटते, आणि वाटायलाच हवी. मात्र महागाई ३ टक्क्यांपेक्षा वेगानं वाढली, तर त्या अडीच लाखांत आजच्या सव्वा लाखाएवढंही येणार नाही.

जमीन महावितरणच्या उपकेंद्राजवळ लागते, साधारण पाच किलोमीटरच्या आत. एका मेगावॅटला चार-पाच एकर पुरतात. शेजारच्या वैजापूर तालुक्यात ढोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या शेतकऱ्यांना मोटारीसाठी दिवसा वीज मिळू लागली. रात्री विंचूकाट्यात दारं धरणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

भाड्यानं देणं हा एकच रस्ता नाही. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात शेतकऱ्याला पडीक जमिनीवर स्वतःचा ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारता येतो. एक मेगावॅटमधून वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट निघतात. युनिटला तीन रुपये धरले तर पंचेचाळीस लाख. हेक्टरी सव्वा लाख या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून बघावा. पण उभारणीला काही कोटी लागतात, बँक तारण मागते आणि बिघाड झाला तर तो मालकाचाच. एकट्या घराला हे झेपत नाही. गटानं किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं मिळून केलं तर जमू शकतं, आणि त्याची चर्चा गावात व्हायला हवी तेवढी होत नाही.

तिसरा मार्ग प्लेटा उंच खांबांवर किंवा मधे मोकळं अंतर सोडून बसवण्याचा. जोधपूरच्या काझरी संस्थेनं असा १०५ किलोवॅटचा प्रकल्प उभा करून प्लेटांमधल्या जागेत पिकं घेतली, प्लेटांवरून पडणारं पावसाचं पाणीही साठवलं. खर्च वाढतो, पण जमीन जमीन राहते. बायकांच्या हाताला काम राहतं.

नुसत्या भाड्याचा अनुभव कर्नाटकात आहे. तिथल्या पावगडा इथे सुमारे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेऊन २,०५० मेगावॅटचं सौर पार्क झालं. भाडं एकरी २१ हजारांपासून सुरू झालं. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्या घरात नेमानं पैसा आला. मजुरांच्या आणि मेंढपाळांच्या घरात आला नाही. भाडं सातबाऱ्याकडे बघून मिळतं, आणि फवारणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

साडेसहा एकरांच्या मालकांनी करारनाम्याचा मसुदा तालुक्याच्या वकिलाला दाखवला. भाडं थकलं तर किती दिवसांत करार मोडता येईल, कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर पैसे कोण देणार, पंचवीस वर्षांनी खांब आणि काँक्रीट कोण उपसणार, फुटलेल्या प्लेटा कोण नेणार, ही सगळी कलमं वकिलानं लाल पेनानं लिहून दिली. विहिरीलगतचा दीड एकर त्यांनी करारातून काढून घेतला आहे. शहाणपणाचा निर्णय. पाण्याखालचं रान पंचवीस वर्षांसाठी देऊ नये.

अडलंय ते सह्यांवर. जमीन वडिलोपार्जित, सामाईक खात्याची. तीन भाऊ, दोन बहिणी. १९९४ च्या कायद्यानं महाराष्ट्रात मुलींनाही अशा मालमत्तेत जन्मानं वाटा मिळाला, तरी या सातबाऱ्यावर बहिणींची नावं गेल्या वर्षी लागली, तीही कंपनीच्या माणसानं वारस नोंद मागितली म्हणून. धाकटी पुण्यात असते, ती सही करायला तयार आहे. थोरलीची एक अट आहे: तिच्या हिश्श्याचं भाडं कंपनीनं थेट तिच्या बँक खात्यात भरावं, आणि तसं करारात लिहावं. भावांना ते पसंत नाही. वकिलानं मात्र ते कलमही मसुद्यात घातलं आहे.