पट्टी जुनी, तक्रार नवी

खोकताना, शिंकताना लघवी निसटणे ही अनेकींची न बोललेली तक्रार. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये त्यावर सुटसुटीत उपाय मांडला: योनीमार्गातल्या छोट्या छेदातून पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची पट्टी मूत्रनलिकेखाली झोळीसारखी बसवायची. बहुतेकींना गुण येतो. पण सुई जघनास्थीमागून अंदाजाने सरकवावी लागते. मूत्राशयाला भोक पडू शकते. म्हणून लगेच दुर्बिणीने आत पाहतात. आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा क्वचितच होते. कधी पट्टी काही वर्षांनी मूत्राशयात शिरते आणि तिच्यावर खडे धरतात. अशा तक्रारींमुळे इंग्लंडने २०१८ मध्ये या शस्त्रक्रियांना स्थगिती दिली. वारंवार जंतुसंसर्ग, लघवीत रक्त, संबंधावेळी वेदना असल्यास डॉक्टरांना जुनी शस्त्रक्रिया आवर्जून सांगा.