ॲक्सिलरेटरची तार गेली, तिथे काय आले?



कोलार रोडच्या वसाहतींत राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांची सगेसोयरी अजून सातपुड्यापलीकडे आहेत. लग्नकार्य असो, कुलदैवताचे दर्शन असो की उन्हाळ्याची सुटी, कोणी इटारसी-बैतूल-मुलताईमार्गे नागपूर-अमरावतीला जातो, तर कोणी इंदूर-सेंधव्यामार्गे धुळे-नाशिक-पुण्याला. पूर्वी रेल्वेचे आरक्षण मिळेल तसे जाणे व्हायचे. आता बरीच घरे स्वतःच्या गाडीने निघतात, सोबत आजी-आजोबा आणि लहान मुले असतात.

अशा प्रवासातली एक तक्रार मंडळाच्या बैठकीत चहाच्या वेळी हमखास निघते. "घाटात अचानक पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबतोय, इंजिन चालू आहे, पण गाडी पळेचना!" मग कोणाला वाटते पेट्रोलमध्ये भेसळ होती, कोणाला वाटते इंजिन गेले. बऱ्याच वेळा यातले काहीच झालेले नसते. गाडीने स्वतःच ठरवलेले असते की आता हळू जायचे. ती असे का ठरवते आणि त्या वेळी आपण काय करावे, हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असावे म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

तारेचा जमाना

आपल्या घरांतल्या ज्येष्ठांनी ॲम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनी आणि १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० चालवली आहे. त्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलला एक पोलादी तार जोडलेली असे. तारेचे दुसरे टोक कार्ब्युरेटरवर, हवेच्या वाटेतल्या गोल चकतीसारख्या झडपेला. मेकॅनिक तिला 'बटरफ्लाय' म्हणतात, कारण मधल्या दांड्यावर ती फुलपाखराच्या पंखांसारखी फिरते.

पेडल दाबले की तार ओढली जाई, झडप उघडे, हवा आत घुसे आणि त्या हवेच्या ओढीने पेट्रोलही आत जाई. म्हणजे चालकाचा पाय जणू थेट इंजिनात असे. तार तुटली तर गाडी थांबे, पण रस्त्याकडेचा मेकॅनिक दहा-पंधरा मिनिटांत नवी तार टाकून देई. दोष डोळ्यांना दिसे.

पाय आता विनंती करतो

आजच्या जवळपास प्रत्येक नव्या मोटारीत ही तार नाही. पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय किती खाली गेला हे तो विजेच्या संकेताने इंजिनच्या संगणकाला कळवतो. या संगणकाला ईसीयू म्हणतात. ईसीयू त्या क्षणी बाकीची माहिती पाहतो: इंजिनचे फेरे किती, ते गरम आहे की थंड, एसी चालू आहे का, चाके घसरत आहेत का, ब्रेक दाबलेला आहे का. मग झडप किती उघडायची हे तो ठरवतो आणि झडपेजवळच्या छोट्या विजेच्या मोटरला हुकूम देतो. मोटर दात्यांच्या चाकांमधून झडप फिरवते. झडप, मोटर, स्प्रिंग आणि सेन्सर मिळून जो भाग होतो त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात.

थोडक्यात, पूर्वी पाय हुकूम करायचा, आता तो विनंती करतो. ही पद्धत मोटारींमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्यांत आली आणि नंतर सर्वांपर्यंत पोहोचली. मोटारसायकलीही मागे नाहीत. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये २०१७ पासून मुठीची तार गेली आणि तिथेही हाच प्रकार आला.

डिझेल गाडीत थोडा फरक आहे. तिथे ताकद प्रामुख्याने हवेच्या झडपेने नव्हे, तर किती डिझेल फवारायचे यावर ठरते. पण पेडलखालचा सेन्सर आणि निर्णय घेणारा ईसीयू तसाच. विजेवरच्या गाडीतही पेडल सेन्सरच असतो. त्यामुळे पुढची माहिती सर्वांच्या कामाची आहे.

दोन साक्षीदार आणि एक हिशेब तपासनीस

कोणीही विचारेल, तारेऐवजी वीज आणि संगणक, मग बिघडल्यावर गाडी आपोआप सुसाट सुटली तर? ही पद्धत बनवणाऱ्यांनी नेमकी हीच भीती समोर ठेवली होती.

पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांचे संकेत मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. एक दोन व्होल्ट सांगत असेल, तर दुसऱ्याने एक व्होल्टच सांगितला पाहिजे. झडपेवरही असेच दोन सेन्सर असतात. तिथे बहुधा एकाचा आकडा चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. एक म्हणाला एक व्होल्ट, तर दुसरा चार. एक म्हणाला दोन, तर दुसरा तीन. बेरीज नेहमी पाचाच्या आसपास. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर दोघांचा आकडा सारखाच येईल आणि चूक लगेच पकडली जाईल.

ईसीयूच्या आतही तपासणी चालते. आपल्या मंडळात खजिनदार हिशेब लिहितो आणि हिशेब तपासनीस तो स्वतंत्रपणे पडताळतो. तसाच इथे मुख्य प्रोसेसर गणित करतो आणि दुसरा भाग त्याला सतत तपासतो. चालकाने मागितली त्यापेक्षा जास्त ताकद इंजिन देत आहे असे दिसले, तर इंजिनाची ताकद कापली जाते.

संशय आला की लंगडत घरी

दोन साक्षीदारांचे जमले नाही, म्हणजे कोण खरे हे ईसीयूला कळत नाही. अशा वेळी तो सर्वांत सावध निर्णय घेतो. झडपेच्या मोटरची वीज तोडतो. झडपेवरची स्प्रिंग तिला तिच्या मूळ जागी आणते, आणि ती जागा पूर्ण बंद नसते, किंचित उघडी असते. तेवढ्या हवेवर इंजिन चालू राहते, गाडी रांगत पुढे जाते, पण पळत नाही. काही दोषांमध्ये पेडल अर्धवट काम करते, पण ताकद मर्यादित ठेवली जाते. याला 'लिंप मोड' म्हणतात. लंगडत का होईना, कडेला किंवा वर्कशॉपपर्यंत जा, असा त्याचा अर्थ.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तेव्हाच लागतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत 'ईपीसी' अशी अक्षरे दिसतात. बरेठा घाटात किंवा सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात गाडीने दम सोडला, तर बहुतेक वेळा ती आपल्याला वाचवण्यासाठीच हळू झालेली असते. पण मागून भरलेला ट्रक येत असेल तर हीच सावधगिरी जिवावर बेतू शकते. म्हणून त्या क्षणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे.

मग तार काढलीच कशाला?

पहिले कारण धूर. पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला वजनाने एक भाग पेट्रोल हे प्रमाण नीट राखले, तरच सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो. पायाने झडप झटकन उघडली तर हे प्रमाण बिघडते. ईसीयू स्वतः झडप उघडत असेल तर तो हवा आणि पेट्रोल जुळवून नेतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तसतसे तारेचे दिवस भरत गेले.

दुसरे कारण सोय आणि सुरक्षा. घसरत्या रस्त्यावर ताकद कमी करणारी व्यवस्था, क्रूझ कंट्रोल, एसी लावल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून थोडी जास्त हवा, हे सगळे याच झडपेतून होते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेली आणि आता आपल्या ज्येष्ठांत लोकप्रिय झालेली एएमटी, म्हणजे क्लचशिवायची गाडी, गियर बदलताना स्वतःच ॲक्सिलरेटर कमी-जास्त करते. तारेवर ते जमणे कठीण होते.

भरवसा किती ठेवावा?

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी सुसाट सुटली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची मोठी रबरी मॅट टाकलेली होती आणि पेडल तिच्यात अडकले होते. पुढे टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. अमेरिकी सरकारने 'नासा'च्या अभियंत्यांकडून तपास करवून घेतला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात अशा सुसाट सुटण्याला इलेक्ट्रॉनिक दोष कारणीभूत असल्याचे आढळले नाही. अडकणारी मॅट आणि चिकटणारे पेडल ही दोन यांत्रिक कारणे मात्र पुढे आली. या निष्कर्षावर सर्वांचे एकमत झाले असे नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात सॉफ्टवेअरच्या त्रुटींवर तज्ज्ञाची साक्ष झाली आणि ज्युरीचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला.

आपल्यासाठी धडा साधा आहे. झडप आणि ईसीयूवर दोन-दोन पहारेकरी बसवले आहेत, पण पेडलवर काय पडले आहे हे पाहणारा कोणी नाही. पेडल मॅटखाली दबले असेल तर दोन्ही साक्षीदार एकमताने सांगतील की चालकाने दाबले आहे, आणि गाडी ते खरे मानेल.

घरोघरी एवढे पाळावे

चालकाच्या पायाखाली एकच मॅट ठेवा, त्याच गाडीची, खालच्या हुकांत अडकवलेली. मॅटवर दुसरी मॅट, जुने कार्पेट किंवा वर्तमानपत्र नको. पाण्याची बाटली आणि चपला चालकाच्या सीटखाली ठेवू नका.

गाडी अनावर झाली तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरा. दाब-सोड करू नका. झडप पूर्ण उघडी असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पुन्हा तयार होत नाही आणि प्रत्येक दाबात तो संपत जातो. लगेच गियर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, त्याचे फेरे मर्यादेत ठेवायची सोय असते. धावत्या गाडीची किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

पिवळा दिवा लागून ताकद गेली तर घाबरू नका. चारही इंडिकेटर लावा, डावीकडे सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. तात्पुरता दोष असेल तर गाडी नीट चालेल. पुन्हा तसेच झाले तर पुढचा घाट चढण्याचा मोह टाळा.

दिवा घालवायला बॅटरीची तार काढू नका. ईसीयूत नोंदलेला दोषाचा क्रमांक त्याने पुसला जाऊ शकतो आणि पुरावाच जातो.

वर्कशॉपमध्ये "साहब, पूरी थ्रॉटल बॉडी बदलनी पड़ेगी" असे ऐकू आले, तर आधी स्कॅनरवरचा क्रमांक लिहून मागा. पी २१३५ असेल तर बहुधा झडपेच्या दोन सेन्सरांचे जमत नाही, पी २१३८ असेल तर पेडलच्या. पण सेन्सरच खराब आहे असे या क्रमांकाने सिद्ध होत नाही. तार कुरतडलेली असू शकते, जोडणीत पाणी शिरलेले असू शकते, बॅटरी अशक्त असू शकते. पावसाळ्यात वसाहतीत उभ्या गाड्यांच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात हे आपल्याला नवीन नाही. तारा आणि जोडण्या आधी तपासायला सांगा, महागडा भाग नंतर.

आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर वेळेवर बदला. झडपेच्या कडेला काजळी साचली की इंजिन सिग्नलवर थरथरते. ती साफ करता येते, मात्र किल्ली चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नये, आतले दाते बिघडू शकतात. सफाईनंतर बऱ्याच गाड्यांत झडपेची मूळ जागा ईसीयूला पुन्हा 'शिकवावी' लागते. हे काम झाले का, विचारून घ्या.

आणि 'पिकअप वाढवतो' म्हणून विकली जाणारी पेडलची डबी घेण्याआधी एवढे लक्षात ठेवा: ती फक्त पेडलचा संकेत फुगवून सांगते. इंजिनाची ताकद तेवढीच राहते.

तार होती तेव्हा दोष हाताला लागायचा. आता दोष गाडीच्या नोंदीत असतो, आणि ती नोंद मागून घेणे हे आपले काम आहे. हा लेख घरातल्या नव्याने गाडी शिकणाऱ्या मुला-मुलींना जरूर वाचायला द्या. पुढच्या प्रवासाला निघण्याआधी एकदा चालकाच्या पायाखाली वाकून पाहा, मॅट हुकात आहे ना.